मांडवगडचा उतार

श्रावण लागला की माळव्यातील मराठी घरांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो : यंदा मांडवगडास केव्हा जायचे? पुणेकरांना जसा सिंहगड, नागपूरकरांना जसे रामटेक, तसे आम्हा इंदूर-धार-देवासकरांना हे स्थळ. सरकारी पाट्यांवर ते मांडू असले, तरी आमच्या घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी अद्याप मांडवगडच आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्यात मराठ्यांचा अंमल स्थिरावला, धार पवारांकडे आली आणि सुलतानांनी गजबजवलेला हा गड उजाड अवस्थेत त्यांच्या राज्यात आला. त्यामुळे या गडाशी आपले नाते केवळ प्रवाशाचे नाही. ते शेजाऱ्याचे आहे.

आमच्या घरी या यात्रेला आणखी एक मानकरी असतो, तो म्हणजे आजोबांनी घेतलेली १९५३ सालची मॉरिस मायनर गाडी. आठशे तीन घनसेंटिमीटरांचे इवलेसे इंजिन, चार गिअर, गोलगरगरीत बांधा. घरातील मुले तिला ‘मायनरबाई’ म्हणतात. एरवी ती पडवीत चादर पांघरून बसलेली असते. दसऱ्याला तिच्यावर झेंडूची माळ चढते आणि श्रावणात एकदा ती आम्हाला मांडवगडास घेऊन जाते. हा परिपाठ आजोबांच्या हयातीपासूनचा आहे. गेल्या वर्षी तो कायमचा मोडण्याची वेळ आली होती. यंदा तो पुन्हा सुरू झाला. कसा झाला, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

गेल्या वर्षीच्या श्रावणात आम्ही उभयता, चिरंजीव आणि सहा वर्षांचा नातू असे चौघे गेलो होतो. दिवस सुरेख गेला. परतताना दुपार कलली होती, पाऊस नुकताच उघडला होता. मांडूचे पठार माळव्याच्या मुख्य पठारापासून काकडा खोह नावाच्या खोल दरीने तोडलेले आहे. आलमगीर दरवाजा मागे टाकला की रस्ता वळणे घेत या खोहाकडे उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. गडाला हे नैसर्गिक खंदकाचे संरक्षण होते. शत्रूला अडविण्यासाठी निसर्गाने केलेली ही योजना आमच्या वाट्याला मात्र निराळ्या रूपाने आली.

दोन वळणे उतरल्यावर ब्रेकचे पेडल पायाखाली मऊ लागले. तिसऱ्या वळणाआधी ते सरळ तळाला जाऊन टेकले आणि गाडीचा वेग रेसभरही कमी झाला नाही. पुढे रस्त्याच्या कडेने गवताचे भारे डोक्यावर घेतलेल्या तीन बायका चालल्या होत्या. आम्ही हँडब्रेक ओढला. तो केवळ मागच्या चाकांना तारेने आवळतो; ओल्या रस्त्यावर चाके घसरू लागली. कसाबसा दुसरा गिअर पडला, इंजिन किंचाळले आणि आम्ही गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीच्या बांधावर घातली. ती थांबली तेव्हा सर्वांत मागची बाई आमच्यापासून दहा हातांवर होती. भारा टाकून ती धावत आली. आम्हाला वाटले, आता शिव्यांचा वर्षाव होणार, आणि तो आम्हाला मान्यच होता. तिने खिडकीतून आत डोकावून विचारले, “बच्चे को लगी तो नहीं?”

नातवाला काही लागले नव्हते. कोणालाच काही लागले नव्हते. पण ज्या बाईच्या अंगावर आमची गाडी जाणार होती, तिने आधी आमच्या मुलाची चौकशी करावी, हे आमच्या मनातून कित्येक महिने गेले नाही.

याहून विलक्षण गोष्ट पुढे घडली. अर्ध्या तासाने पेडल दाबून पाहिले, तर ते पूर्ववत घट्ट लागले! जणू काही झालेच नव्हते. एखादा उतावळा मनुष्य तेवढ्यावर विसंबून पुढे निघालाही असता. आम्ही गाडी दुसऱ्या वाहनावर लादून घरी आणली.

घरी आल्यावर तंटा उभा राहिला. चिरंजीव पीथमपूरच्या एका कारखान्यात अभियंता आहेत. त्यांचे म्हणणे असे की, एक तर गाडी कायमची पडवीत ठेवावी, नाही तर तिच्यात आमूलाग्र सुधारणा करावी. मातोश्रींचे वय आज ऐंशीच्या पुढे आहे. नववधू म्हणून त्या याच गाडीतून या घरात आल्या. त्यांनी निक्षून सांगितले, “मामंजींच्या गाडीला कोणी हात लावायचा नाही. दुरुस्ती करा, पण तिच्यात नवेजुने काही करू नका. उद्या तुम्ही म्हणाल, आई म्हाताऱ्या झाल्या, त्यांचे गुडघे बदला.” यावर सौभाग्यवतींनी हळूच आठवण करून दिली की, मातोश्रींचा डावा गुडघा चार वर्षांपूर्वीच बदललेला आहे. तेवढ्यापुरता हशा झाला, पण प्रश्न सुटला नाही.

अखेर आम्ही देवास गाठले. कुमार गंधर्व १९४८ साली प्रकृतीसाठी ज्या गावी येऊन राहिले आणि पुढे ज्यांच्यामुळे ते गाव संगीताच्या नकाशावर आले, ते हे देवास. तेथे टेकडीच्या पायथ्याशी एक वृद्ध उस्ताद आहेत. जुन्या विलायती गाड्यांची नाडी त्यांना कळते. त्यांनी गाडी उचलून चाके उतरविली, नंतर चालकाच्या पायाखालचा गालिचा दूर केला आणि तेथील झाकण काढून आत बोट बुडविले. या गाडीचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबताच ज्यातून तेल चाकांकडे ढकलले जाते ती नळी, पुढच्या बॉनेटखाली नसून चालकाच्या जमिनीखाली आहे. ‘दिसत नाही ते आठवत नाही’ या न्यायाने त्याच्याकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिलेले नव्हते. बोटावरचे काळपट तेल त्यांनी हुंगले आणि मान हलविली.

दोन अपराध एकत्र आले होते. एक आमचा : ब्रेकचे तेल कित्येक वर्षांत बदलले नव्हते. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. आज मिळणाऱ्या ‘डॉट ४’ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. तेच तेल ओलावा पिऊन जुने झाले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. दुसरा अपराध वाटेतल्या एका गॅरेजचा : तेथे कोणी तरी वरून भलतेच खनिज तेल घातले होते. त्याने आतील रबरी वायसर फुगले, दाबलेले तेल पुरते परत येईना आणि पाय काढल्यावरही ब्रेक चाकांना किंचित घासत राहिले. मांडूचा उतार सुरू होण्यापूर्वीच ड्रम तापलेले होते. उतारावर ते आणखी तापले, ओलसर तेलाला उकळी फुटली आणि नळ्यांत वाफ झाली. तेल दाबले जात नाही म्हणून ते पायाचा जोर चाकापर्यंत नेते. वाफ मात्र दाबली जाते. सारा जोर ती वाफ आवळण्यात खर्ची पडला. अर्ध्या तासाने वाफ निवून पुन्हा तेल झाले आणि पेडल साळसूदपणे घट्ट झाले. उस्ताद म्हणाले, “बाबूजी, जो ब्रेक ठंडा होकर ठीक हो जाए, उससे ज्यादा डरिए.”

उतारावर एवढी उष्णता येते कोठून, हे चिरंजीवांनी नातवाला समजावून दिले, तेव्हा आम्हीही कान टवकारून ऐकले. चार माणसे बसलेली अशी सुमारे एक टन वजनाची गाडी शंभर मीटर उंची उतरली, तर जवळजवळ दहा लाख ज्यूल ऊर्जा कोठे तरी जावी लागते. तीन लिटर गार पाणी उकळण्यास जेवढी उष्णता लागते तेवढी ही आहे. इंजिनाने गाडी रोखून धरली नाही, तर ही सारी उष्णता चार लहान लोखंडी ड्रमांच्या पोटात शिरते. वेगाचे गणित याहून कठोर आहे. वेग दुप्पट झाला की थांबविण्याची ऊर्जा चौपट होते. पूर्वीचे लोक घाटात बैलगाडीच्या चाकाला लाकूड आडवे बांधून उतरत, ते याच उष्णतेला वाट करून देत होते. लाकूड जळे, पण बैल वाचत.

आता करायचे काय, या प्रश्नावर उस्ताद, चिरंजीव आणि आम्ही अशी त्रिमंडळाची बैठक तीन रविवार चालली. चिरंजीवांच्या मनात पुढच्या चाकांना आधुनिक डिस्क ब्रेक बसवावेत असे होते. डिस्क उघड्या हवेत फिरते, म्हणून लवकर निवते. जॅग्वार गाडीने १९५३ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, ती अशाच ब्रेकच्या बळावर. म्हणजे आमची गाडी जन्मली त्याच वर्षी! परंतु डिस्क बसवायची, तर चाकाचा तुंबा, तेलाचे प्रमाण, पुढच्या-मागच्या चाकांतील जोराचे वाटप असे सारेच बदलावे लागते. ते वाटप चुकले, तर मागची चाके आधी अडकतात आणि गाडी गर्रकन फिरते. इंजिनाच्या शोषणशक्तीने पायाचा भार हलका करणारा ‘बूस्टर’ही सुचला. पण त्याने पायाचे कष्ट वाचतात, ड्रमची उष्णता सोसण्याची ताकद तसूभरही वाढत नाही. आमचे दुखणे पायाचे नव्हतेच.

तोडगा निघाला तो गाडीच्या स्वतःच्या कुळातून. आमच्या मायनरचे पुढचे ड्रम सात इंच व्यासाचे आहेत. १९६२ साली याच जातीच्या गाडीला मोठे इंजिन मिळाले, तेव्हा कारखान्याने पुढचे ड्रम आठ इंची केले. इंग्लंडात या गाडीचे भक्त आजही इतके आहेत की, तिचे सुटे भाग सहज मिळतात. म्हणजे धाकट्या बहिणीचा दागिना थोरलीला घालायचा. परक्या घरचा नव्हे. सोबत एकेरी मास्टर सिलिंडराच्या जागी दुहेरी सिलिंडर मागविला. जुन्या पद्धतीत चारही चाकांचे तेल एकाच मार्गाने जाते. कोठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. दुहेरीत पुढच्या आणि मागच्या चाकांचे मार्ग अलग असतात, त्यामुळे एक बुडाला तरी दुसरा तारतो.

आता फक्त मातोश्रींची अनुज्ञा उरली. आम्ही भीतभीतच विषय काढला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुम्हाला ते लाल हात आठवतात का रे? दाराच्या खांबातून बाहेर यायचे ते?” वळताना दिशा दाखविण्यासाठी या गाडीच्या दोन्ही बाजूंना लहान दिवा असलेले हात होते, कळ दाबली की ते पक्ष्याच्या पंखासारखे बाहेर येत. “मामंजींनीच ते बंद केले आणि लुकलुकणारे दिवे लावून घेतले. मला फार वाईट वाटले होते. ते म्हणाले, सूनबाई, रस्त्यावरची माणसे आता हात बघत नाहीत, दिवा बघतात. ज्याच्यासाठी खूण करायची त्याला ती दिसली पाहिजे.” एवढे बोलून त्या थांबल्या. “करा काय ते. पण आरसे आणि आसनांची कातडी तशीच राहू द्या.”

आमच्या मनातील एक गाठ त्या क्षणी सुटली. आम्ही समजत होतो की, जुन्या वस्तूला हात न लावणे म्हणजे तिच्याशी इमान राखणे. ज्याने ती वस्तू आणली, तो स्वतः तसे समजत नव्हता.

मग काम सुरू झाले. जुन्या गाड्या बाळगणाऱ्या आपल्या वाचकांना उपयोग होईल, म्हणून त्याचा तपशील थोडक्यात देतो. सर्व तेल काढून टाकले. लोखंडी नळ्या गंजल्या होत्या. त्या जागी तांबे आणि निकेलच्या मिश्रधातूच्या नळ्या घातल्या. तीन रबरी नळ्या, चाकांतील सहाही लहान सिलिंडर आणि प्रत्येक रबरी वायसर नवा घेतला, कारण खनिज तेल लागलेल्या रबरावर पुन्हा विश्वास ठेवता येत नाही. ब्रेकच्या पट्ट्या ॲसबेस्टॉसविरहित लावल्या. जुन्या पट्ट्यांत ॲसबेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ड्रम उघडून फुंकर मारण्याची आपल्या मिस्त्रींची सवय त्यासाठीच मोडली पाहिजे. उस्तादांनी ओल्या फडक्याने धूळ टिपली आणि फडके पिशवीत बांधून टाकले. चारही टायर नवे घेतले. ब्रेक चाकाला थांबवितो, गाडीला थांबवितो तो टायर. हे आम्हाला या वयात उमगले.

कायद्याचेही पाहिले. २०२१ साली केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ असा स्वतंत्र नोंदणीवर्ग केला. त्यात सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. आमची नोंद जुन्या साध्या वर्गातीलच आहे. तरीही गाडीचे अंगप्रत्यंग मूळचे ठेवून केवळ ब्रेकचे काम करण्याचा आमचा निर्णय दोन्ही दृष्टींनी योग्य ठरला.

या निमित्ताने आमच्या माळव्याचा एक अभिमानही जागा झाला. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक चारही चाकांना बसवून विक्रीस आणलेली पहिली मोटार म्हणून १९२१ सालच्या अमेरिकन ड्यूसेनबर्गचे नाव घेतले जाते. त्याच घराण्याची एक अत्यंत बलवान गाडी १९३० च्या दशकात आमच्या इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी (दुसरे) मागविली. तिचे शरीर लंडनच्या गर्नी नटिंग कारागिरांनी बांधले होते. आणि आज याच धार जिल्ह्यात, पीथमपूर येथे, वाहनांच्या परीक्षेची राष्ट्रीय धावपट्टी आहे. तिचा ११.३ किलोमीटरांचा अतिवेगवान मार्ग २०२१ साली सुरू झाला आणि तेथे ब्रेकच्या परीक्षेसाठी वेगळा मार्गही आहे. आमच्या मायनरबाईची परीक्षा मात्र गावाबाहेरच्या एका मोकळ्या मैदानात झाली. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने दहा वेळा धावायचे आणि दहा वेळा थांबायचे. गाडी डावीउजवीकडे ओढली नाही, पेडल मऊ पडले नाही. उस्तादांनी तिच्या बॉनेटवर हात ठेवून ‘जाइए’ म्हटले.

यंदाच्या श्रावणात, एका सोमवारी पहाटे, आम्ही निघालो. पुढच्या आसनावर, खिडकीशी, मातोश्री. कित्येक वर्षांनी त्या मांडवगडास येत होत्या. बेटमा, मग घाटाबिल्लोदला चंबळा ओलांडली. येथे ती अगदी लहान मुलीसारखी वाहते. पुढे चंबळेचे जे दरारायुक्त रूप ऐकिवात आहे त्याची येथे शंकाही येत नाही. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि मक्याचा हिरवा पट्टा. धारेत किल्ल्याच्या तांबड्या भिंती दिसताच मातोश्रींनी नातवाला सांगितले की, राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई येथे आश्रयाला होत्या आणि दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली याच किल्ल्यात झाला. धार ते मांडू सुमारे पस्तीस किलोमीटर. नालछा मागे पडले की जमीन फाटू लागते, साग दिसू लागतो आणि एकाएकी काकडा खोह पुढ्यात उघडतो. धुके दरीतून वर येत होते. चढ आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चढलो. नातवाच्या पायाशी एक लाकडी ठोकळा होता, कारण या गाडीच्या पुढच्या ब्रेकची रचना पुढे जाताना जशी घट्ट धरते तशी मागे घसरताना धरत नाही. चढावर थांबावे लागले, तर चाकाखाली ठोकळा घालणे हे त्याचे काम. त्या कामाचा त्याला कोण अभिमान!

मांडवगड पूर्वी कितीदा पाहिला होता! यंदा मात्र आमची दृष्टी बदललेली होती. जहाज महाल सुमारे १२० मीटर लांब आणि रुंदीने अगदी थोडा. एका अंगास मुंज तलाव आणि दुसऱ्या अंगास कापूर तलाव भरले की तो खरोखर नांगरलेल्या गलबतासारखा भासतो. त्याच्या गच्चीवर पाणी नेणारी एक पन्हळ आहे, ती सरळ नाही. गोगलगाईच्या शंखासारखी वळत वळत कुंडाकडे जाते. इतकी वर्षे आम्ही ती नक्षी समजत होतो. वळणावळणाने पाण्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसतो आणि निवळ पाणी कुंडात उतरते. नातू म्हणाला, “आजोबा, पाण्याचा ब्रेक!” आम्ही त्याला दुरुस्त केले नाही.

शेजारच्या हिंडोळा महालाच्या भिंती बाहेरच्या बाजूस सुमारे ७७ अंशांत कललेल्या आहेत, त्यामुळे सारी इमारत झोक्यावर बसल्यासारखी वाटते. वस्तुतः तो भिंतींचा झोक नसून त्यांचा टेका आहे. आतल्या भल्याथोरल्या कमानी भिंतींना बाहेर ढकलतात आणि पायाशी रुंद असलेल्या या भिंती तो रेटा जमिनीत उतरवितात. जोर कोठून येतो आणि त्याला कोठे विसावू द्यायचे, हे त्या गवंड्यांना नेमके ठाऊक होते.

होशंगशहाच्या संगमरवरी मकबऱ्याशी आम्ही बराच वेळ रेंगाळलो. तेथे दाराशी एक लेख आहे. शहाजहानच्या दरबारातील वास्तुकारांनी १६५९ साली येथे येऊन आदर व्यक्त केला, अशी त्यात नोंद आहे. त्यांत उस्ताद हामीद हे एक नाव आहे. थोर कारागीर आपल्याहून जुन्या कामापुढे कसे उभे राहतात, याचा हा दाखला. समोरची जामी मशीद होशंगशहाने आरंभिली आणि महमूद खिलजीने १४५४ साली पुरी केली. तिच्या कमानींखालून फिरताना ठिकठिकाणी नवा चुना आणि नवे दगड वेगळे ओळखू येतात. पूर्वी ते आम्हाला खुपत. यंदा आम्ही मातोश्रींना ते मुद्दाम दाखविले. तो चुना नसता, तर जुनी कमानही पाहण्यास उरली नसती. त्यांनी चष्मा पुसून पाहिले आणि म्हणाल्या, “गुडघ्यासारखेच की.”

मध्यान्ही दाल-पानिये घेतले. मक्याच्या पिठाच्या या भाकऱ्या पानांत धरून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजतात. धुराचा तो वास मांडूखेरीज इतरत्र इतका गोड लागत नाही. रस्त्याकडेला गोरखचिंचेच्या, म्हणजे येथील लोकांच्या ‘खुरासानी इमली’च्या, तुंबड्या विकायला होत्या. आफ्रिकेतून आलेली ही अजस्र खोडांची झाडे शतकानुशतके येथे इतकी रुळली आहेत की, ‘मांडूची चिंच’ म्हणूनच ओळखली जातात. माळव्यात रुळलेल्या आम्हा मराठी माणसांना त्यांच्याविषयी आपुलकी वाटली, तर नवल नाही. शेवटी रेवाकुंडावरून रूपमतीच्या सज्ज्यावर गेलो. मुळात ही सैन्याची टेहळणीची जागा होती. बाजबहादूर आणि रूपमतीच्या कथेने तिला हळवे केले. सुमारे १,२०० फूट खाली निमाडचा मुलूख पसरलेला होता आणि ढग फाटले तेव्हा दूरवर नर्मदेची एक पुसट रेघ क्षणभर दिसली. मातोश्रींनी हात जोडले.

त्याच निमाडकडे आग्रा-मुंबई महामार्गाने उतरणारा गणपती घाट याच जिल्ह्यात आहे. ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींनी तेथे किती घरे उद्ध्वस्त केली, हे धार-इंदूरच्या वृत्तपत्रांचा वाचक जाणतो. २०२४ च्या अखेरीस तेथे उतरणाऱ्या वाहनांसाठी नवा, सौम्य उताराचा रस्ता खुला झाला. रस्ता सुधारला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु प्रत्येक उताराला नवा रस्ता मिळणार नाही. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरावे. गिअर उतार लागण्यापूर्वी घालावा, नंतर नव्हे. ब्रेकवर पाय सतत ठेवून चालू नये; ठामपणे दाबून वेग कमी करावा आणि पाय पूर्ण काढून ड्रमला श्वास घेऊ द्यावा. गाडी कितीही थोडी चालो, ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी बदलावे. हे नियम आजच्या नव्या गाड्यांनाही लागू आहेत.

चार वाजता आम्ही परत फिरलो. आलमगीर दरवाज्यापाशी गाडी उभी करून आम्ही आधी गिअर खाली आणला. खरे सांगायचे, तर हातांना घाम सुटला होता. पहिले वळण, दुसरे वळण. पेडल तेवढेच घट्ट, तेवढ्याच उंचीवर. तिसऱ्या वळणाशी, जेथे गेल्या वर्षी बांधावर चढलो होतो तेथेच, डोंगरातून शेळ्यांचा कळप रस्त्यावर आला. मागे काठी घेतलेली एक लहानगी मुलगी होती. आम्ही पाय ठेवला. मायनरबाई एका रेषेत, काहीही कुरकुर न करता, चांगल्या पंधरा-वीस हातांवर थांबली.

कळप संथपणे रस्ता ओलांडत होता. नातवाने हॉर्नकडे हात नेला, तो मातोश्रींनी धरला.

“राहू दे. मामंजी कधी वाजवायचे नाहीत. जायचे त्यांना जाऊ दे.”

शेवटची शेळी पलीकडच्या गवतात शिरली. त्या मुलीने वळून एकदा गाडीकडे पाहिले आणि हसून काठी उंचावली. मग आम्ही पाय उचलला आणि सावकाश खोहात उतरलो.